कुंथूच्या हाकेला न हललेला अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे. बाहेरून कुणी दार ढकललं तर ते उघडू नये म्हणून आतल्या बाजूनं जे जाड लाकूड आडवं ओढतात, तो मी. दिवसा मी भिंतीच्या पोटात असतो. तिथं माझ्याएवढं लांब भोक ठेवलेलं असतं. तिन्हीसांजेला घरातलं कुणीतरी माझं टोक धरून मला ओढतं, दारामागून सरकवतं आणि समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवतं. मग घरातली माणसं हुश्श म्हणतात.

तुमच्या निबंधांत छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, म्हातारा बैल बोलतो. ती सगळी गोड बोलतात. मला गोड बोलता येत नाही. मला लोकांच्या भीतीनं घडवलं आहे, तेव्हा मी भीतीबद्दलच बोलणार. ऐकायचं तर ऐका.

मी खानापूरच्या रानातलं ऐनाचं झाड. तोडल्यावर लोंढ्याच्या स्टेशनाजवळ लाकडांच्या ढिगात कितीतरी दिवस पडून होतो. तिथून गाडीतून निपाणीकडं आलो. निपाणीपासून दोन कोसांवर भुजबली नावाचा जैन शेतकरी नवं घर बांधत होता. काळं रान, तंबाखूचं पीक, घरात बायको चंदना आणि रांगणारा एकुलता एक मुलगा, कुंथुनाथ. सुतारानं मला वाकसानं तासलं, टोकं गोल केली आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "अण्णा, दार तुटंल, भिंत पडंल, पर ह्यो न्हाय तुटायचा."

भुजबलीचा चेहरा फुलला. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती. खोटं कशाला सांगू, मीही फुगलो.

पुढची वर्षं बरी गेली. कुंथू उभा राहायला लागला तो माझं टोक धरून. मोठा झाल्यावर मला लोंबकळायचा आणि आईच्या शिव्या खायचा. चंदना दिवाळीला मला करडईचं तेल चोळायची. या घरात सूर्य बुडायच्या आत जेवणं व्हायची, कारण अंधारात ताटात जीव पडेल आणि कळणार नाही. चुलीत लाकूड घालण्याआधी चंदना ते जमिनीवर आपटायची, आतला किडा-मुंगी बाहेर पडावी म्हणून. असं जिवाला जपणारं घर होतं.

मग मानमोडीच्या तापाच्या साथीनंतरची ती वर्षं आली. माणसं मेली होती, धान्य महाग झालं होतं आणि रस्त्यांवर दरोडे पडायला लागले होते. शेजारच्या गावात दरोडेखोरांनी एका घरच्या गड्यालाच वाटेत धरलं, मानेवर सुरा ठेवला आणि त्याच्याच तोंडून धन्याला हाक मारायला लावली. ओळखीचा आवाज ऐकून धन्यानं दार उघडलं. त्या घरात सकाळी कुणी उठलं नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर भुजबलीनं घरात नियम केला. एकदा अडसर बसला की दार उघडायचं नाही. आणि बोलायचंही नाही, कारण बोललं की आत किती माणसं आहेत ते बाहेर कळतं. कुणीही हाक मारो, आतून हूं की चूं करायचं नाही.

गावात या नियमाचं फार कौतुक झालं. लोक म्हणायचे, भुजबली शहाणा. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही तोच नियम केला. भीतीचं असंच असतं मित्रांनो. एकानं धरली की सगळे तिला शहाणपण म्हणतात.

एके दिवशी कुंथू तंबाखूची गाडी घेऊन निपाणीला गेला. तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी होता. जेवायच्या वेळेला परत येतो म्हणाला होता. सूर्य बुडायला आला तरी आला नाही. चंदनानं त्याचं ताट झाकून ठेवलं. भुजबली म्हणाला, "ऱ्हायला असंल मामाकडं." आणि त्यानं मला ओढलं.

दिवेलागण होऊन गेली आणि बाहेर पळत येणारी पावलं वाजली. दारावर धडाधडा हात पडले.

"आप्पा! आप्पा, दार काढा बिगीनं! मी हाय, कुंथू! आई!"

चंदना उठली. तिचं तोंड उघडलं. भुजबलीनं झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मला दाराच्या पलीकडचे हात जाणवत होते. मग आणखी पावलं आली, पुष्कळ. हाक एकदा अर्धीच उठली. त्यानंतर दारावर कुणी हात मारला नाही.

मला वाकवणारं, तोडणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. मी चोख काम केलं. सुतार खरं बोलला होता.

गल्लीतल्या सगळ्या दारांनी ती हाक ऐकली. एकाही दाराचा अडसर हलला नाही. सकाळी मात्र सगळी दारं उघडली आणि सगळे शूर होते. कुणी म्हणाला, मला हाक मारली असती तर कुऱ्हाड घेऊन आलो असतो. अरे, दुसरं काय केलं होतं त्या पोरानं? फौजदार आला, कागद लिहून गेला. दरोडेखोर सापडले नाहीत.

कुंथूच्या दुखवट्याला आलेली माणसं पांगली आणि घरात दोघंच उरली. त्यानंतर रोज सकाळी, चूल पेटवायच्या आधी, चंदना नवऱ्यासमोर उभी राहायची आणि एकच विचारायची.

"तुमाला आवाज वळखू आला व्हता का?"

"न्हाय," भुजबली म्हणायचा आणि रानात निघून जायचा.

ती रडायची नाही, भांडायची नाही. फक्त दुसऱ्या दिवशी परत विचारायची. असं वर्ष सरलं. एका सकाळी तिनं सवाल केला, त्यानं न्हाय म्हटलं, आणि ती म्हणाली, "उद्या माझा भाऊ गाडी घिऊन येनार हाय चिकोडीस्नं. आज सांजच्यापत्तूर खरं सांगा. न्हाय सांगितलं तर मी जाती. परत यायची न्हाय."

भुजबलीनं काय केलं असेल? त्यानं पहार घेतली आणि भिंत फोडली. मला बाहेर ओढलं. त्याला वाटलं, हे लाकूड डोळ्यांसमोरून गेलं की बायकोचा सवालही जाईल. आणि लाकूड गेलं तर दाराला काहीतरी हवंच, तेव्हा निपाणीच्या लोहाराकडून लोखंडाचा अडसर करून आणू. माणूस भ्यालेला असला की असा हिशेब मांडतो.

मला जाळायची सोय नव्हती. माझ्या एका अंगाला भुंगेऱ्यांनी घर केलं होतं. मापासाठी मला गाडीत घालताना पांढरा भुगा सांडला तो चंदनानं पाहिला. "जाळू नका हो त्येला," ती म्हणाली. "आत जीव हाईत. त्येंस्नी जपा." यापेक्षा कडू बोलणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

निपाणीत लोहाराची भट्टी एका दारूच्या गुत्त्याला लागून होती. भुजबलीनं लोखंडाचं माप सांगितलं. लोहार म्हणाला, "येळ लागंल, मालक. उन्हात हुबं ऱ्हाऊ नका. त्या पडवीत सावली हाय."

पडवी गुत्त्याची होती. भुजबलीनं जन्मात गुत्त्याची पायरी चढली नव्हती. थोडा वेळ तो उन्हातच उभा राहिला. मग ऊन डोक्यात शिरलं तसा मला घेऊन आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मला बाजूला उभं केलं.

आत एकच गिऱ्हाईक होतं, तंबाखूच्या वखारीतला हमाल, भावकू नावाचा. तो ओरडला, "आक्का! अगं बघ तरी कोन आलंय! जैनाचं मानूस गुत्त्यात! आज सूर्य कुनीकडं उगवला म्हनायचा?"

"मी प्यायला न्हाय आलो. सावलीला बसलोय," भुजबली म्हणाला.

"पयल्या दिवशी समदीच असं म्हनत्यात, मालक."

"गप ए भावक्या," आतून गुत्तेवाली आली. गुणाबाई. पन्नाशीची, कपाळ मोकळं, हातात कांकण नाही. "बसा अण्णा. आड मागल्या अंगाला हाय, तुमचं तुमी पानी शेंदून घ्या."

भुजबलीनं आपल्या तांब्यात पाणी शेंदलं आणि उपरण्याचा पदर दुमडून त्यातून गाळायला लागला. भावकूला राहवलं नाही. "मालक, माझा बी पेला गाळून द्या की. हिच्या दारूत लई किडं हाईत."

"तुझ्या डोस्क्यात हाईत ती," गुणाबाई म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर गेली. "अण्णा, ह्यो अडसर न्हवं? कुठं घिऊन निघालाय?"

"नको झालाय. लोखंडाचा करायला टाकलाय."

"चांगला ऐन हाय की. मला द्या. माझं दार कच्चं हाय."

"तुमाला भ्या वाटतं?" भुजबलीनं विचारलं. गुत्ता चालवणारी बाई, तिला कसली भीती, असं त्याला वाटलं असावं.

गुणाबाई हसली. "तुमी बसलाय न्हवं, तितंच माझा न्हवरा मेला. नागोजी त्येचं नाव."

भुजबली दचकून उठला.

"बसा, बसा. तितं रोज कोनतरी बसतंयच. कुस्तीवरनं झालं. कोन चितपट झाला आन् कोन न्हाय, येवढ्याच बोलन्यावरनं. कमरंचा सुरा निघाला, पोटात गेला. मी हितंच हुती, पेलं इसळत."

"मारनारा कोन?"

गुणाबाईनं हनुवटीनं भावकूकडं दाखवलं. "ह्येचा थोरला भाऊ. काळ्या पान्यावर गेला."

भावकूचं हसू गेलं. तो पेल्यात बघायला लागला.

भुजबलीला कळेना. "आन् ह्येला तुमी पाजता?"

"ह्येनं न्हाय मारलं. आन् दुकान बंद करून मी जाऊ कुठं? आत बसलं तर आतबी तेच दिसतंय." तिनं फडक्यानं फळी पुसली. "पर खरं सांगू अण्णा? ह्यो कमरंला हात घालतो, तवा माझा जीव नरड्यात येतो. चंची काढतोय, तंबाखू खानार हाय, समदं म्हायती हाय. तरीबी येतो. रोज."

"आक्का," भावकू हळू म्हणाला, "तू कवा बोलली न्हाईस."

"तू कवा इचारलंस?"

भावकूनं दोन्ही हात वर, सगळ्यांना दिसतील असे धरले, एकानं सावकाश कमरेची चंची सोडली आणि फळीवर गुणाबाईसमोर ठेवली. "हितंच असू दे. आल्या आल्या हितं ठेवत जाईन. हितनंच खाईन."

"ठेव," ती म्हणाली. एवढंच. पण तिचे खांदे खाली आले ते मी पाहिलं.

बाजूला लोहाराचा घण पडत होता. भुजबलीनं गाळलेलं पाणी प्यायलं नव्हतं. तांब्या हातात तसाच होता. एका अनोळखी बाईनं आपली भीती अशी फळीवर काढून ठेवली, म्हणून असेल, तो बोलायला लागला. कुंथू, गाडी, झाकलेलं ताट, हाक, सगळं सांगितलं. भावकूनं पेला दूर सारला.

"मग बायको अडसर काढा म्हनाली?" गुणाबाईनं विचारलं.

"न्हाय."

"मग काय म्हनती?"

"रोज सकाळी इचारती. आवाज वळखू आला व्हता का म्हून. आज सांजच्यापत्तूर खरं सांग म्हनली, न्हायतर जाती."

"आन् तुमी काय सांगता?"

"न्हाय म्हनतो."

"खरं काय हाय?"

भुजबलीनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "पयल्याच हाकंला वळखला."

गुणाबाईनं फडकं खाली ठेवलं.

"मला वाटलं, त्येला धरून आनलाय. मानंवर सुरा ठिवून वरडाय लावत्यात. दार काढलं तर तिलाबी मारतील. फुडच्या गावात तसंच झालं हुतं." त्याचा आवाज कोरडा होता. "पर तो पळत आला हुता. येकटाच हुता. सकाळी मातीत पावलं बघितली तवा कळलं. दार काढून आत घेन्यापुरता येळ हुता, बाई."

माझी अपेक्षा होती की गुणाबाई आता म्हणेल, नशीब, अण्णा, तुमचा काय दोष. सगळं गाव वर्षभर तेच म्हणत होतं. ती म्हणाली, "चुकलं."

भुजबलीनं मान वर केली.

"चुकलं तुमचं. तुमच्या जागी मी असती तर मीबी दार काढलं नसतं. आन् माझंबी चुकलंच असतं." ती त्याच्यासमोर खाली बसली. "पर अण्णा, बाई सवाल करती आन् तुमी भिंत फोडता? तिला लाकडाचं काय पडलंय? लोखंडाचा घाला न्हायतर सोन्याचा घाला, ती चिकोडीला बसून त्योच सवाल करनार. आन् तुमी हितं येकटं, लोखंडामागं."

"सांगितलं तर ती ऱ्हानार न्हाय."

"न्हाय सांगितलं तर जानारच हाय की," भावकू म्हणाला. "लई तर काय, मारंल. बाईचा मार लई लागत न्हाय, मालक. मी खाल्लाय."

"मारलं तर बरं हुईल रं," भुजबली म्हणाला, आणि वर्षात पहिल्यांदा त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

लोहारानं हाक दिली, "मालक, झालं बघा! हत्तीबी तोडायचा न्हाय!" भुजबली उठला, लोहाराचे पैसे दिले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. लागंल त्येला दे." लोहार तोंड उघडं टाकून बघत राहिला. भावकूनं मला खांद्यावर घेऊन गाडीत ठेवलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. चंदनानं गाठोडं बांधून सोप्यात ठेवलं होतं. मला बघून ती म्हणाली, "परत आनला?"

भुजबलीनं मला खाली ठेवलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "चंदना, मला आवाज वळखू आला व्हता. पयल्याच हाकंला."

चंदना गाठोड्यावर बसली. मला वाटलं आता ती शाप देईल. भुजबलीलाही तेच वाटलं असावं. तो मान खाली घालून वाट बघत होता.

"मलाबी," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"मलाबी वळखू आला व्हता. आईला येनार न्हाय व्हय? तुमचा हात माझ्या तोंडावर हुता." तिनं आपले दोन्ही तळवे उघडून समोर धरले. "माझं हात मोकळंच हुतं."

वर्षभर ती त्याला जो सवाल विचारत होती, तो असा होता. तिला शिक्षा द्यायची नव्हती. त्या दारामागं आपण एकटीच ओळखून गप्प उभी होतो की आणखी कुणी होतं, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि तो रोज सकाळी न्हाय म्हणून तिला एकटी ठेवून जात होता.

त्या दिवशी ती रडली. दोघंही रडली, मोठ्यानं, दार सताड उघडं टाकून. गल्लीतले लोक डोकावले आणि निघून गेले. त्या घरात त्या सांजेला कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी चिकोडीहून भाऊ आला, भाकरी खाल्ली आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

फोडलेली भिंत दोघांनी मिळून लिंपली आणि मला परत आत घातलं. होय, परत घातलं. भीती काही गेली नव्हती. दरोडे पुढंही पडले. तिन्हीसांजेला मला ओढलं की मी खोबणीत नीट बसलोय का ते भुजबली दोनदा चाचपून बघायचा, शेवटपर्यंत. पण गप्प राहायचा नियम त्या घरातून गेला. दारावर थाप पडली की चंदना दाराला तोंड लावून मोठ्यानं म्हणायची, "कोन हाय? बोल. मी ऐकतीया." बाहेरचा बोलायचा. ती विचारायची, "येकटा हाईस? मागं कोन हाय?" बाहेरच्याचं बोलणं तुटक आलं, तो घाबरा वाटला, तर ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची. आधी तिचंच दार बोलायचं. मग शेजारचं बोलायला लागलं. मग त्याच्या पलीकडचं. ओरडा झाला की काठ्या घेऊन चारजण बाहेर पडायचे, भीत भीत, पण पडायचे. किती वेळा वाटसरू असायचा, किती वेळा हरवलेलं जनावर शोधणारा. एकदा खरंच दुष्ट माणसं होती, आणि गल्ली बोलतेय हे ऐकून पळाली.

आता सन सत्तेचाळीस आहे. इंग्रज गेला म्हणून परवा गावात साखर वाटली. भुजबली ते बघायला राहिला नाही. चंदना आहे, तिला कमी दिसतं. भुंगेऱ्यांनी मला आतून अर्धा खाल्ला आहे आणि मला आता तेल चोळायला कुणाला वेळ नाही. त्याचं मला काही नाही. लाकूड आहे, जायचंच.

माझं मागणं दुसरं आहे. तुम्ही घाबरलात तर लाजू नका. दार लावा, अडसर घाला. शूर व्हा असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांना विचारा, त्या सांजेला तुम्ही कुठं होता. पण बाहेरून हाक आली तर आतून आवाज द्या. आणि घरातलं कुणी रोज तोच एक सवाल विचारत असेल, तर भिंत फोडू नका, लोखंड तापवायला जाऊ नका. त्या माणसासमोर उभे राहा आणि खरं काय ते सांगा. ते माणूस बहुधा तुम्हाला मारायला बसलेलं नसतं. ते त्या दारामागं तुमच्या शेजारीच उभं होतं.